नवीन लिनक्स सर्व्हर हाती आला की बूटवर, म्हणजे मशीन सुरू होताना, आपोआप उठणाऱ्या सर्व्हिसेसपैकी काय काय बंद करता?

बर्डीवाला
जे लागत नाही ते बूटला उठायलाच नको, या मतावर मी ठाम आहे. काल एका क्लायंटचा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) उघडला तर ब्लूटूथ, मोडेममॅनेजर, नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी अवाही, प्रिंटिंगची कप्स, सगळी वरात हजर. रॅकमधल्या मशीनला प्रिंटर कोण लावते बाप्पा? २०२४ च्या सप्टेंबरात नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउझ्डची सुरक्षेची भानगड बाहेर आली, यूडीपी ६३१ या नेटवर्क पोर्टवर तो कोणाचंही ऐकून घेत होता. आणि नुसतं डिसेबल पुरत नाही. त्याने बूटची यादी तेवढी बदलते. दुसऱ्या सर्व्हिसने ओढली की ती उठतेच. म्हणून मी सरळ मास्क करतो, म्हणजे ती उठूच नये असं कुलूप लावतो.

तर्री_जास्त
मास्कची एवढी हौस काऊन भाऊ? सर्व्हिसची फाइल, म्हणजे युनिट, डेव्ह-नल या रिकाम्या जागेला जोडलं की हाताने स्टार्ट म्हटलं तरी हलत नाही. आमच्याकडे एका शहाण्याला बूटला कोण किती वेळ खाते ते दाखवणाऱ्या सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेमच्या यादीत वेट-ऑनलाइन, म्हणजे नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस, सगळ्यात वर दिसली. मारला मास्क, बूट झटपट, साहेब खूश. मग मे महिन्यात भर दुपारी लाईन गेली, यूपीएसनेही मान टाकली. लाईन आली, मशीन उठली, पण मशीनचा आयपी पत्ता चढायच्या आत एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर उभा राहिला आणि पत्ताच नाही म्हणून पडला. मास्क करणारा तोवर पुण्याला नोकरी धरून मोकळा.

बर्डीवाला
ते मास्कवर ढकलू नका. वेट-ऑनलाइनचं कामच वाट पाहणं, तिला आळशी म्हणून हाकललं! ती आणि ब्लूटूथ एका मापाने मोजता का?

जुनं_खोड
दोघंही बंद करण्यावरच भांडून राहिले. मी जुन्या चेककॉन्फिग कमांडच्या काळातला. मला रात्री फोन येतात ते हवी ती सर्व्हिस न उठल्याचे. कोणीतरी आत्तापुरतं स्टार्ट करतो, बूटला उठवणारं इनेबल विसरतो. आठ महिने सगळं सुरळीत दिसते आणि पहिल्या रीबूटला वांधे. इनेबल करताना सोबत ‘नाऊ’ लावा, दोन्ही कामं एकदम होतात. अन् उन्हाळ्याआधी, मार्चातल्या एखाद्या शनिवारी मशीन मुद्दाम रीबूट करून पाहा. लाईन जायची वाट कशाला पाहता?

तर्री_जास्त
हे पटलं. पण मास्क केलेलं कुठे लिहून ठेवता, ते बर्डीवाल्यांनी सांगितलं नाही.

बर्डीवाला
लिहायचं काय त्यात? लिस्ट-युनिट-फाइल्स कमांडला मास्क्ड स्टेट दिली की सगळं दिसते.

तर्री_जास्त
काय केलं ते दिसते. काऊन केलं ते दिसते का?