अनुभव धागा : पुनर्बांधणीतला युनायटेड आणि आपण नेमकं पाहायचं काय?

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा इकडच्या, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांसाठी हा धागा. २०१३ साली कोच फर्ग्युसन क्लबचा विसावा लीग किताब जिंकून निवृत्त झाले. तेव्हापासून दर ऑगस्टला ‘यंदा बांधणीचं वर्ष’ ऐकतोय. बांधणी खरंच चालली आहे की नुसती रंगरंगोटी, हे तुम्ही कशावरून ओळखता ते लिहा. कुठल्या मॅचनंतर जेवण गेलं नाही वगैरे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

गोलकिक, मिरज

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे संघाची मांडणी दिसतच नाही. ती दिसते आपल्या गोलकिकला, म्हणजे कीपर गोलपुढून चेंडू मारून खेळ सुरू करतो तेव्हा. तेव्हा चित्र थांबवा आणि मधल्या पट्ट्यात कोणाची किती माणसं आहेत ते मोजा.

अमोरीम (नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ कोच) यांच्या ३-४-३ मध्ये मागे तिघं, पुढे तिघं; मधल्या चौघांतले दोघं कडेचे विंगबॅक, म्हणून मधे दोघंच असायचे. समोरच्याचे तिघं असले की दोघांना तिघं भारी पडणारच. उपाय दोन : स्ट्रायकरमागच्या दोन दहा नंबरांपैकी (हल्ला रचणाऱ्यांपैकी) एकाने खाली यायचं, नाहीतर एका सेंटर-बॅकने रांग सोडून वर चढायचं. पहिल्यात स्ट्रायकर एकटा पडतो, दुसऱ्यात मागे भगदाड. तिसरी गडबड जास्त घातक : समोरच्याचे विंगर कडेला चिकटून उभे राहिले की आपले विंगबॅक मागे दाबले जातात. मागच्या तिघांचे पाच होतात आणि क्लिअर केलेला प्रत्येक चेंडू परत आपल्याच अंगावर येतो. लोक ओरडतात, ‘पोरं पळत नाहीत.’ पळतात हो, चुकीच्या जागेवरून पळतात.

दुसरी खूण कीपरची. लॅमेन्स २०२५च्या ऑक्टोबरमध्ये संडरलँडविरुद्ध पहिल्यांदा उतरला, निकाल २-०. दबाव आला की तो उगीच जवळ पास न देता लांब मारतो. दिसायला ओबडधोबड, पण दुसरा चेंडू (झटापटीतून सुटलेला) उचलायला माणसं आधीच पुढे लावून ठेवता येतात. कीपर लांब मारतोय आणि मधले दोघं मात्र त्याच्याजवळ पास मागत उभे आहेत, असं दिसलं तर समजा सराव अर्धाच झालाय.

वखारभागवाला, सांगली

खरेदीच्या बातमीत किंमत दिसते. खरा आकडा वर्षाचा असतो. ६ कोटी पौंडांचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला की क्लबच्या हिशेबाच्या वहीत दरसाल १.२ कोटी खर्च पडतो. २ वर्षांनी विकायला काढला तर वहीतली किंमत ३.६ कोटी. त्याखाली विकलात तर तोटा वर दिसणार.

२०२२ची दोन उदाहरणं. कासेमिरो तिशीचा, सुमारे ६ कोटी, करार ४ वर्षांचा. म्हणजे दरसाल दीड कोटी आणि शेवटी विक्रीची किंमत शून्याजवळ. खेळला चांगला, सौदा मात्र कमालीचा महाग. अँटनी ८ कोटींच्या वर, ५ वर्षं. ३ वर्षांनी वहीत सव्वातीन कोटींच्या आसपास उरले आणि विकल्यावर स्पेनच्या बेटिस क्लबकडून आले सुमारे दोन. उरलेलं खड्ड्यात.

अकॅडमीच्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून त्याला विकलं की सगळा नफा. मॅकटॉमिने २०२४ साली अडीच कोटींच्या आसपास नापोलीला गेला तो याच कारणाने. वही खूश झाली. त्याच मोसमात नापोली इटलीत अजिंक्य ठरली आणि तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. नियमच असा आहे की घरचा हापूस विकून बाहेरून महाग पेटी आणायची.

आणि नियमाला दात होते. पीएसआर या प्रीमियर लीगच्या तोट्यावरच्या नियमात २०२५-२६ पर्यंत ३ वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा. त्यापुढे गेल्याबद्दल २०२३ साली एव्हर्टनचे १० गुण कापले होते, अपिलात ते ६ झाले. तेव्हा ‘अजून एक मिडफिल्डर का घेत नाहीत?’ विचारण्याआधी विकलं कोणाला ते बघा.

खरडछाटणी, तासगाव

आर्सेनलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. २०२०-२१ मध्ये ते आठवे होते, तरी ३८ सामन्यांत खाल्लेले गोल फक्त ३९. म्हणजे कुंपण आधी घातलं होतं. मग २०२१च्या उन्हाळ्यात सहा जण घेतले, एकही २३च्या वर नाही : व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल, टोमियासू, लोकोंगा, तावारेस. पहिले तिन्ही सामने हरले, गोल शून्य. कोच तोच ठेवला. त्या मोसमात पाचवे आले, पुढच्या तिन्ही मोसमांत दुसरे.

त्याशेजारी युनायटेडचा २०२४-२५ ठेवा : पंधरावे, ४२ गुण, केलेले ४४, खाल्लेले ५४. त्यावर उन्हाळ्यात पैसा ओतला कुठे? कुन्या ६.२५ कोटी, मग म्बेमो, मग शेश्को. तिन्ही पुढचे. पुढे गरज होतीच, ४४ गोलांत काय होतंय! पण मधल्या फळीत त्या उन्हाळ्यात एकही मोठी खरेदी नाही. गोलकिक म्हणतात तो दोघांना तिघांचा खेळ तसाच राहिला.

आमच्याकडे द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरडछाटणी होते. तेव्हा बाग उघडी-बोडकी दिसते. पण छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तोच बाहेर पडतो. त्या दिवसांत खत-पाणी चुकलं तर ऑक्टोबरमध्ये कितीही फवारा मारा, घड येत नाही. जानेवारीची घाबरून केलेली खरेदी म्हणजे तो फवारा.

कंदीपेढा, सातारा

भाऊ, २०१३ पासून खरडछाटणीच चाललीय. फळछाटणी कधी?

खरडछाटणी, तासगाव

बरोबर टोचलंत. अडचण अशी की क्लबवाले छाटत नाहीत, बागच उपटतात. कोच बघा : मॉयेस, व्हॅन हाल, मोरीन्यो, सोल्शर, टेन हाग, अमोरीम. प्रत्येकाची मांडणी वेगळी, प्रत्येकाची यादी वेगळी. द्राक्षात आधी डॉगरिज जातीचा खुंट (मुळांचा भाग) लावतात आणि मग त्यावर कलम करतात. वाण पटला नाही तर खुंट तोच ठेवून कलम बदलता येतं. क्लबमध्ये खुंट म्हणजे फुटबॉल डायरेक्टर आणि त्याची खरेदीची पद्धत. हे पदच युनायटेडमध्ये २०२१च्या मार्चपर्यंत नव्हतं! नंतर अ‍ॅशवर्थला आणलं, तो जुलै ते डिसेंबर २०२४, पाच महिने टिकला. टेन हागचा करार त्याच जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला काढला. एवढ्यात खुंट मुळी धरत नाही.

कोयनाकाठ, कराड

अकॅडमीबद्दल एक. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत घरचा एक तरी खेळाडू आहे. ही परंपरा नुसती बेंचवरही टिकते, म्हणून नाव वाचून खूश होऊ नका, मिनिटं मोजा. वहीत तीन रकाने : वय २३ पर्यंतचे, २४ ते २८, २९ आणि वरचे. दर सामन्याला प्रत्येक रकान्यातली एकूण मिनिटं लिहा. पूर्ण सामन्याची बेरीज ९९० येते. पाच-सहा सामन्यांनी मधला रकाना वाढत असेल तर गाडी रुळावर. तिसराच फुगत असेल तर कोच नोकरी वाचवतोय.

गोलकिक, मिरज

वही चांगली, पण युरोपातल्या स्पर्धा नसलेला मोसम वेगळा धरा. मधल्या आठवड्यात सामने नसले की तिशीवाले ताजे राहतात आणि तिसरा रकाना उगाच फुगतो. २०१६-१७ मध्ये कोन्तेच्या चेल्सीने युरोप नसताना ३-४-३ वरच लीग जिंकली, पण त्यांच्या मधल्या दोघांत कान्ते होता.

कंदीपेढा, सातारा

रकाने आखले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, साडेसातची मॅच साडेआठला सुरू होते. गोलकिकला चित्र थांबवणाऱ्यांनी जेवण आधीच उरकून घ्या.