आमच्या डेथ मेटल बँडचे पहिले ध्वनिमुद्रण : साठवलेले पैसे कशावर खर्च करावेत?

ऐरोलीचा_गिटारवाला (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चौघे ऐरोली आणि कळव्याचे असून गेली तीन वर्षे डेथ मेटल (गुरगुरत्या गायकीचे जड, वेगवान रॉक संगीत) वाजवतो. चौघांनाही नोकऱ्या असल्यामुळे सराव फक्त रविवारी होतो, तोही रबाळे एमआयडीसीत ड्रमरच्या मामांच्या गाळ्यात. तिथे आठवडाभर मालाचे पॅकिंग चालते, त्यामुळे रविवारी सकाळी आधी खोकी एका भिंतीशी रचावी लागतात आणि मगच ड्रम मांडता येतात. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून आता ९०,००० रुपये जमले आहेत आणि पाच गाणी पक्की झाली आहेत. गाणी मराठीत आहेत. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणी, ठाण्याच्या खाडीतला गाळ, रात्रपाळी असे त्यांचे विषय आहेत. रक्तामांसाची वर्णने आम्ही सुरुवातीला लिहून पाहिली होती, पण ती वाचताना आमचे आम्हालाच हसू फुटत असे.

अडचण अशी आहे की सरावाचे रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येक वाद्य एकेकटे स्वच्छ वाटते, पण चौघे एकत्र वाजू लागलो की त्याचा लगदा होतो. डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम) सुरू झाला की गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) नाहीसा होतो आणि बेस गिटार तर आहे की नाही हेच कळत नाही. गायकाच्या आईने एक गाणे शांतपणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "अरे, पण तू सारखा 'कडक, कडक' असे का ओरडतोस?" मूळ शब्द 'खडक' असा आहे.

हे पैसे चांगल्या स्टुडिओत दोन-तीन दिवसांत संपवावेत, की सामान घेऊन गाळ्यातच ध्वनिमुद्रण करावे? आणि मराठी शब्द या गायकीत कळावेत अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे का?

चरईचा_बेसवाला

तुमचा प्रश्न वाचून मला माझी पंचविशी आठवली. त्या काळी आम्ही बेस गिटार घेऊन ठाण्याहून लोकलने धोबी तलावाच्या रंगभवनाकडे जात असू. १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचे ते हक्काचे ठिकाण होते आणि शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद होईपर्यंत आमच्या पिढीची पंढरी तीच होती. पुढे मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, गटस्लिट असे मेटल बँड उभे राहिले आणि हे संगीत इथेही नेटाने करता येते, याची लोकांना खात्री पटली.

मुद्द्याचे सांगतो. ज्या आवाजाच्या मागे आपण सगळे धावतो, तो एकच आवाज नाही. फ्लोरिडातील टँपा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स यांनी डेथ, ऑबिच्युअरी, कॅनिबल कॉर्प्स या बँडांबरोबर काम केले. त्या ठशाच्या आवाजात बास ड्रमचा प्रत्येक ठोका टाइपरायटरच्या कळीसारखा सुटा ऐकू येतो. त्याच सुमारास स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ब्ड या बँडने १९९० साली प्रसिद्ध झालेला आपला पहिला अल्बम केला. तिथे बॉस कंपनीच्या एचएम-२ या गिटारच्या आवाजाला खरखर आणणाऱ्या पेडलची चारही बटणे पूर्ण फिरवून ठेवलेली असत आणि त्यातून करवतीने लाकूड कापावे तसा गिटारचा आवाज येई. वाद्ये तीच, पण रिफ कशासाठी लिहिला आहे हे दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक होते. तुमचे रिफ सुटे आहेत की करवतीचे, हे आधी चौघांनी बसून ठरवा. दोन्ही एकाच गाण्यात कोंबले तर लगदा होणारच, त्यात स्टुडिओचा दोष नाही.

दुसरे म्हणजे गिटार तुम्ही बहुधा बी स्वरापर्यंत उतरवली असेल. नेहमीची जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची असते, ती बीपर्यंत उतरवली की ६२ वर येते. बेस त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे जेमतेम ३१ हर्ट्झवर जातो आणि लहान स्पीकरवर तो नुसता अंदाजाने ऐकावा लागतो. त्यावर उपाय एकच आहे. बेसला थोडे डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) द्या म्हणजे त्याचे वरचे स्वर ऐकू येतील, आणि गिटारचे डिस्टॉर्शन तुम्हाला आवडते त्याच्या निम्म्यावर आणा. सरावाला एकट्याने वाजवताना जो आवाज भरदार वाटतो, तोच रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांच्या अंगावर पडतो. प्रत्येक रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवा. मात्र तो खरोखर दोनदा वाजवायचा, एकाचीच नक्कल करून चालत नाही.

गिटार आणि बेस घरी डीआय बॉक्स या जोडणीच्या डबीतून सरळ मुद्रित करता येतात, आवाज नंतर घडवता येतो. ड्रमचे तसे नाही. म्हणून माझे मत असे की स्टुडिओ फक्त ड्रमसाठी दोन दिवस घ्यावा.

तुर्भे_साउंड

मी ध्वनिमुद्रणाचेच काम करतो, तरीही वरच्या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. स्टुडिओत दोन दिवस घेतले तर पहिला दिवस मांडणीत आणि ड्रम लावण्यात जातो, आणि दुसऱ्या दिवशी ड्रमर घड्याळाकडे बघत वाजवतो. एका स्टुडिओत मी नोकरीला असताना (नाव सांगत नाही) असे कित्येक बँड रडवेले होऊन परत गेलेले पाहिले आहेत.

तुमचा लगदा मला गाळ्यातच सापडतो. हिशेब करून पाहा. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत ड्रमर डबल बासवर एका मात्रेत चार ठोके देत असेल, तर सेकंदाला तेरापेक्षा जास्त ठोके होतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये फक्त ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. तेवढ्या वेळात आवाज साधारण २५ मीटर जातो. गाळा ४० फूट लांब धरला, तर समोरच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज सुमारे ७२ मिलिसेकंदांनी ड्रमरजवळ पोचतो, म्हणजे बरोबर पुढच्या ठोक्याच्या डोक्यावर बसतो. वर पत्रा आणि खाली कोबा असल्यावर तो प्रतिध्वनी लवकर विरतही नाही. भजनाला अशी खोली गोड वाटते, ब्लास्ट बीटचा (ड्रमच्या अतिवेगवान ठेक्याचा) मात्र ती जीव घेते.

यासाठी अंड्यांचे ट्रे लावत बसू नका. त्याने खोली फक्त विचित्र दिसते. मांडववाल्याकडून जाड कापसाच्या गाद्या भाड्याने आणा आणि त्या भिंतीला न चिकटवता वीतभर अंतर सोडून उभ्या करा. ड्रमच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि शक्य झाल्यास वर दोरीने टांगूनही लावा. ड्रमखाली जाड सतरंजी घाला. खालचे स्वर गाद्यांना पुरते जुमानणार नाहीत, पण स्नेअर आणि झांजांचा गोंगाट बराच आवरेल. पावसाळ्यात पत्र्यावर सर पडली की सगळा दिवस फुकट जातो, म्हणून हे काम दसऱ्यानंतर काढा. औद्योगिक क्षेत्रात दिवसाची आवाजाची मर्यादा ७५ डेसिबल आहे आणि निवासी भागात ५५, तेव्हा सोसायटीच्या खोलीपेक्षा गाळा त्या दृष्टीनेही सोयीचा आहे.

पैसे तीन ठिकाणी घाला. ड्रमची सगळी कातडी नवी बसवा, भाड्याने चांगले मायक्रोफोन आणि आठ इनपुटचा इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) आणा, आणि उरलेली सर्वात मोठी रक्कम हे संगीत ज्याने आधी मिक्स केले (वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवले) आहे अशा माणसाला द्या. चित्रपटगीते उत्तम मिक्स करणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्या मित्रांच्या गाण्यात गायकाचा आवाज इतका वर आणून ठेवला होता की मागे बँड शेजारच्या इमारतीत वाजत असल्यासारखा वाटत होता.

आणि एक अप्रिय गोष्ट. क्लिक (लय दाखवणारा यंत्राचा ठोका) लावून ड्रमरला एकट्याला २०० वर तीन मिनिटे वाजवायला सांगा. जमले नाही तर लय उतरवा. संथ पण नेमके वाजलेले गाणे ऐकणाऱ्याला अधिक वेगवान वाटते.

खारघर_खर्ज

गायकाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी आठ वर्षे शास्त्रीय संगीत शिकले आणि आता एका बँडमध्ये ग्राउल करते, म्हणजे गुरगुरत्या आवाजात गाते. बायका हे गात नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी २००० साली आर्च एनिमी या बँडमध्ये आलेल्या अँजेला गॉसो यांचे गाणे ऐकावे.

या आवाजात मूळ स्वरतंतूंच्या वर असलेल्या जाड घड्या कंप पावतात. घशावर जोर देऊन हे होत नाही, श्वासाच्या आधाराने होते. माझ्या गुरुजींनी पहाटे करून घेतलेला खर्जाचा रियाज मला इथे जितका उपयोगी पडला, तितका बंदिशींतही पडला नसेल (हे त्यांना अजून सांगितलेले नाही). गाताना दुखले तर पद्धत चुकते आहे असे समजून तिथेच थांबावे, आणि बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मुद्रणाच्या दिवशी एका दमात पाच गाणी गाऊ नयेत. दिवसाला एक पुरे.

आता 'कडक'बद्दल. ग्राउलमध्ये आवाजात आधीच इतका श्वास मिसळलेला असतो की ख, थ, फ यांतला महाप्राण त्यात बुडतो आणि 'खडक'चा 'कडक' होतो. मला स्वतःला 'थडगे' हा शब्द याच कारणाने सोडावा लागला. ट, ड, ळ आणि र मात्र तोफेसारखे उडतात. 'काळा कातळ' असे म्हणून पाहा, दोन्ही ळ अंगावर येतात. त्यामुळे मराठी या गायकीला नडते असे मुळीच नाही, शब्द कानाने निवडले पाहिजेत इतकेच. 'खडक' काढून तिथे 'कातळ' घाला. अर्थ तोच राहील आणि काकूही पुन्हा विचारणार नाहीत.

नौपाडा_हिशेबनीस

मी वाजवत नाही. एका बँडचे हिशेब मात्र सहा वर्षे पाहिले आहेत. गाण्यांतून पैसे येत नाहीत, टीशर्टमधून येतात. तेव्हा ९०,००० पैकी दहा-पंधरा हजार टीशर्टच्या छपाईसाठी राखून ठेवा. बँडकॅम्प या संकेतस्थळावर गाणी विकली तर विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, शिवाय पैसे स्वीकारण्याचा खर्च वेगळा. तरीही परदेशातला या संगीताचा श्रोता तिथेच विकत घेतो. एका आयोजकाने आम्हाला चाळीस तिकिटे आधी विकून आणा, मगच मंचावर घेतो, असे सांगितले होते. उरलेल्या एकोणतीस तिकिटांचे पैसे आम्हीच भरले. असे करू नका.

मुद्रणाआधी एका कागदावर चौघांनी सह्या करा. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वेगवेगळे आहेत. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा मालक ते निर्माण करणारा असतो, म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. तुमच्या बाबतीत ती चौघांनी घेतली आहे. पण उद्या ड्रमर पुण्याला बदलून गेला तर काय, हे आजच लिहून ठेवा. आमच्याकडे ते लिहिलेले नव्हते आणि शेवटी भांडण एका ॲम्प्लिफायरवरून झाले.

ऐरोलीचा_गिटारवाला

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मांडववाल्याकडून चौदा गाद्या आणून उभ्या केल्या. आधी नुसती टाळी वाजवली तर ती भिंतीवरून परत येत असे, आता तिथल्या तिथे मरते. गाळ्याची लांबी मोजली, ती ३८ फूट निघाली. ड्रमर क्लिकवर २०० ला दीड मिनिटातच मागे पडू लागला आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही. शेवटी त्यानेच १८५ वर आणू असे सुचवले, आणि त्या लयीत मला माझा स्वतःचा रिफ पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला.

स्टुडिओ घ्यायचा नाही असे ठरले आहे. चरईच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे गिटारचे डिस्टॉर्शन निम्म्यावर आणून पाहिले. एकट्याने वाजवताना अजूनही ते पोचट वाटते, पण बेस आहे हे सगळ्यांनी मान्य केले. 'कातळ' बसला. कागद मात्र अजून लिहिलेला नाही, कारण शब्दांवर नाव कोणाचे घालायचे यावरून कालच गायक आणि माझी थोडी वादावादी झाली. पुढच्या रविवारी सराव सुरू होण्यापूर्वी आधी तोच घेऊन बसणार आहोत.