मदत हवी आहे : वडिलांचा वाढलेला खोकला, संसर्ग असेल का?

माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग असून केमोथेरपीची तिसरी फेरी होऊन दहा दिवस झाले आहेत. कोरडा खोकला पूर्वीपासून होताच. परंतु परवापासून पिवळसर घट्ट कफ पडतो, आडवे झाले की ढास लागते आणि ते रात्रभर उशांना टेकून बसून राहतात, हे बघवत नाही. ऑक्सिजन ९५ आहे. ताप १००.४ च्या पुढे गेल्यास त्वरित रुग्णालय गाठण्यास सांगितले आहे, पण केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही, असेही घडते, म्हणून भीती वाटते. उद्या एक्स-रे व रक्ततपासणी आहे. कफाची कल्चर तपासणी (कफात कोणते जंतू आहेत हे पाहणारी) प्रतिजैविकांपूर्वीच मागावी का, आणि आज रात्री कोणते लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.