करंट गेला की काम तुटते: टीमक्स नेमके कोठे चालवावे?

जांबोटीकर
मी खानापूर तालुक्यातील आमच्या गावातून पुण्याच्या एका सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) काम करतो. पावसाळ्यात येथे दिवसातून चार-पाच वेळा करंट जातो. लॅपटॉपची बॅटरी तग धरते, पण राउटर बंद पडतो आणि जोडणी तुटते. गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका तंबाखू वखारीचे जुने हिशेब डेटाबेसमध्ये भरले जात असताना असेच झाले आणि कोणत्या नोंदी आत गेल्या, कोणत्या राहिल्या, हे शोधण्यात रात्र गेली. टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या व चौकटी उघडून त्यांतली कामे चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरल्यास ही अडचण येत नाही असे ऐकून मी ते लॅपटॉपवर बसवले व त्यातून सर्व्हरवर गेलो. काल पुन्हा करंट गेला, तेव्हा टीमक्सच्या सगळ्या चौकटी जागच्या जागी होत्या, पण डेटाबेसमधली नोंदींची आयात मात्र मेलेली होती. माझे काय चुकले? शिवाय टीमक्सच्या आज्ञेआधी दाबायची कंट्रोल-बी ही जोडी बोटांना अवघड जाते, आणि खिडकीला ‘हिशेब’ असे नाव दिले की खालच्या पट्टीत नुसत्या अधोरेषा दिसतात.

टिळकवाडीचा टर्मिनलवाला
टीमक्स ज्या यंत्रावर चालते, त्याच यंत्रावरची कामे ते जिवंत ठेवते. आपण ते लॅपटॉपवर चालवले, म्हणून लॅपटॉपवरचे शेल (आपल्या आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम) वाचले. पण त्या शेलमधून निघालेली एसएसएचची जोडणी राउटरबरोबर गेली आणि पलीकडच्या शेलला ‘हँगअप’चा (जोडणी तुटल्याचा) संकेत मिळून आयातही थांबली. क्रम उलटा करा: आधी एसएसएचने सर्व्हरवर जा आणि तेथे टीमक्स सुरू करा. मग आयातीचा टर्मिनल सर्व्हरवरच पार्श्वभूमीत चालणाऱ्या टीमक्सच्या ताब्यात राहतो, आणि आपली जोडणी ही त्याकडे पाहण्याची केवळ एक खिडकी ठरते. सेशन (टीमक्सने सांभाळलेला खिडक्यांचा संच) उघडताना ‘न्यू-सेशन’ला मोठ्या लिपीतील ‘ए’ हा पर्याय व एक नाव द्यावे. त्या नावाचे सेशन असेल तर त्यालाच जोडले जाते, नसेल तर नवे तयार होते, त्यामुळे करंट आल्यावर तीच एक आज्ञा पुन्हा दिली की पुरते. स्वतःहून बाहेर पडायचे असल्यास कंट्रोल-बी आणि नंतर डी दाबावे. मात्र सर्व्हरच रीबूट झाला तर टीमक्सही जाते, म्हणून आयात ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या नोंदी जातील किंवा एकही नाही, अशा गटात) बांधण्याला पर्याय नाही.

अधोरेषांचे कारण वेगळे आहे. समोरचा टर्मिनल यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) समजतो, हे टीमक्सला लोकेलवरून (यंत्राच्या भाषा व लिपीच्या मांडणीवरून) कळले नाही, तर रोमनेतर अक्षरांच्या जागी ते अधोरेषा दाखवते. सर्व्हरवरचे लोकेल तपासा, किंवा टीमक्स सुरू करताना ‘यू’ हा पर्याय द्या.

चिक्कोडीची ताई
दादा, कंट्रोल-बी बदलण्याआधी थोडे थांबा. टीमक्ससारखेच काम करणाऱ्या, १९८७ पासूनच्या जीएनयू स्क्रीनची सवय असलेले बरेच जण कंट्रोल-ए ठेवतात, पण बॅश या नेहमीच्या शेलमध्ये ओळीच्या आरंभी जाण्यासाठी तीच जोडी लागते. कंट्रोल-स्पेस मला सर्वांत सोयीची वाटे. परंतु कन्नड, मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड आलटून-पालटून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी लिपी बदलायला तीच जोडी ठेवलेली असते, आणि मग टीमक्सपर्यंत ती पोचतच नाही. मी शेवटी कॅप्स लॉकलाच कंट्रोल केले, बी तसाच ठेवला आणि माझी तक्रार संपली.

कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये मी मोजकेच ठेवते. मागे सरकवून पाहण्याची मर्यादा मुळात २,००० ओळींची असते, ती आयातीच्या लॉगला फारच अपुरी पडते, म्हणून मी ५०,००० केली आहे. पण हा बदल नव्याने उघडलेल्या चौकटींनाच लागू होतो. ‘एस्केप-टाइम’ (एस्केप दाबल्यावर टीमक्स थांबते तो वेळ) जुन्या आवृत्त्यांत ५०० मिलिसेकंद असल्यामुळे विम या मजकूर-संपादकात एस्केप दाबल्यावर अडखळल्यासारखे होते. तो १० वर आणावा. रंगीबेरंगी पट्ट्यांच्या नादी मीही एक रविवार घालवला आहे, त्यातले आज काहीही उरलेले नाही.

जांबोटीकर
दोघांचेही आभार. आज सर्व्हरवर टीमक्समध्ये आयात लावली आणि मुद्दामच राउटरची पिन काढली. दहा मिनिटांनी परत जोडलो, तेव्हा नोंदींचा आकडा पुढे सरकलेला होता. ‘हिशेब’ही आता दिसतो, फक्त वेलांटी शेजारच्या अक्षराला जरा ढकलते.

टिळकवाडीचा टर्मिनलवाला
वेलांटीचा दोष बहुधा टर्मिनल व फॉन्टचा असावा. जोडाक्षरांना किती घरे द्यायची यावर टर्मिनलांचे एकमत नाही. मी खिडक्यांना रोमन नावे देतो.