फायब्रोमायल्जिया आणि वजनाचा काटा: तुमचे अनुभव सांगा

चिंचगूळ:
काल औषधाच्या दुकानात रांगेत होते. पुढे पंचविशीची एक मुलगी. प्रीगाबालिन या दुखण्यावरच्या गोळीची स्ट्रिप पर्समध्ये टाकता टाकता तिने हळूच विचारलं, "काका, याने वजन वाढतं का हो?" काका सुटे पैसे मोजत म्हणाले, "वजन खाण्याने वाढतं." मागचे दोघं हसले. तिलाही हसावं लागलं.

मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन सांगितलं, वाढतं गं, सगळ्यांचं नाही पण बऱ्याच जणींचं वाढतं. डॉक्टरांशी बोल, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नकोस. घरी आल्यावर जुनं सगळं डोक्यात फिरायला लागलं, म्हणून हा धागा.

माझं फायब्रोमायल्जियाचं (अंगभर दुखत राहण्याचा आजार, थोडक्यात फायब्रो) निदान २०१४ चं. त्याआधी ईएसआर, आरए फॅक्टर (सूज आणि संधिवातासाठीच्या रक्तचाचण्या), थायरॉइड सगळं नॉर्मल, आणि मी मात्र सकाळी रात्रभर कुणी बडवल्यासारखी उठायचे. शेवटी एका डॉक्टरांनी मान, खांदे, कोपर, गुडघ्याची आतली बाजू अशा जागा दाबून बघितल्या आणि त्या दुखण्याला नाव दिलं. गोळी सुरू झाली, कित्येक महिन्यांनी झोप लागली. आणि वर्षभरात ९ किलो वाढले.

मग सल्ले. "चाल जरा, वजन उतरलं की दुखणंही जाईल." शेजारच्या काकू मला हौसेने पर्वती चढायला घेऊन गेल्या. वरपर्यंत गेले हो! त्या दिवशी छान वाटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. ते गेलं की पुन्हा कुणीतरी न्यायचं, पुन्हा आडवी. आडवं पडल्यावर भूक जास्तच लागते हे कुणी सांगत नाही.

फरक पडला तो फिजिओथेरपिस्ट बाईंमुळे. त्या म्हणाल्या, चांगल्या दिवशी जेवढं झेपेल त्याच्या निम्मंच करायचं, आणि वाईट दिवशीही थोडं करायचं. घरातल्या घरात पाच मिनिटांपासून सुरुवात. वजन उतरायला दोन वर्षं लागली, ६ किलो उतरलं. बाकीचे ३ माझ्याकडेच आहेत, राहू देत.

तुमचं काय? फायब्रो असताना वजन उतरवलेल्यांनी लिहा. न उतरवलेल्यांनीही लिहा.

ताकभात:
केस विंचरायला हात वर जाईना >> हे वाचून डोळ्यात पाणी आलं. मला वाटायचं हे फक्त माझंच.
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

खारीबिस्कीट:
फायब्रो म्हणजे संधिवातच ना? माझ्या आत्याला आहे, तिने मेथीचे लाडू खाल्ले आणि बरी झाली.

रानजाई:
नाही हो खारीबिस्कीट. संधिवातात सांध्याला सूज येते, सांधा झिजतो. यात सांधा चांगला असतो, दुखणं मेंदूपर्यंत पोचवणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील होते. म्हणून एक्सरे, रक्त सगळं स्वच्छ, आणि घरचे म्हणतात "काही नाहीये तुला".
लाडू मात्र खाईन. गूळ किती घालतात ते विचारून सांगा :)

दुपारचा_चहा:
मी पुरुष आहे आणि मलाही आहे, आधीच सांगून ठेवतो. ऑफिसात "बायकांचा आजार झालाय याला" असं ऐकून घेतलंय.

माझं वजन अमिट्रिप्टिलिनने वाढलं. रात्री एक छोटी गोळी. तोंड इतकं कोरडं पडायचं की दिवसभर काहीतरी प्यायला लागायचं, आणि ते काहीतरी म्हणजे चहा, तोही दोन चमचे साखरेचा. (आयडी उगाच नाही घेतला.) डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी हळूहळू ती कमी करून ड्युलोक्सेटिन दिलं. पहिले काही दिवस मळमळ, जेवण जाईना, पण भूक ताळ्यावर आली. चहा बिनसाखरेचा केला. एवढ्यानेच ४ किलो गेले, व्यायाम शून्य. मला ड्युलोक्सेटिन मानवलं म्हणून तुम्हाला मानवेल असं नाही, हे काम डॉक्टरांचं.

डोंबिवलीहून रोज उभ्याने लोकल, त्यात दोन पूल चढून उतरायचे. संध्याकाळी "चालायला जा" म्हणणाऱ्याला एकदा माझ्याबरोबर न्यायचं आहे.

सांजवात:
+१ पुलांना. सरकता जिना नेमका बंद.

ताकभात:
आले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथीपर्यंत लिहिते.
मला कुणीतरी सोळा तास उपाशी राहायला सांगितलं होतं. दुपारी बारापर्यंत काही नाही. माझी सकाळची गोळी खाऊनच घ्यायची, नाहीतर चक्कर. आणि रात्री आठनंतर अशी भूक की डबे उघडत फिरायचे. एकादशी दुप्पट खाशी रोजचीच!
आता उलट केलंय. सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडं, दुपारी उसळ भाकरी ताक, रात्री लवकर आणि कमी. रात्रीची गोळी घेतली की लगेच आडवं व्हायचं, कारण गोळीनंतर तासाभरात ती भूक उठते. झोपलेल्या माणसाला फरसाण दिसत नाही.
गेली चौथी शि

कोकणकडा:
हा हा, चौथीला गेल्याच.

निवांत_७०:
दीक्षित डाएट की दिवेकर डाएट हा वाद इथे सुरू करू नका अशी नम्र विनंती. मागच्या वेळी लोक आठवडाभर तुपावर भांडत होते.

कोकणकडा:
तूप घालूनच भांडावं. कोरडं भांडण घशाला लागतं.

फिट_राहा_हिट_राहा:
आमच्या हर्बल शेकने फायब्रो मुळापासून जातो आणि महिन्यात ८ किलो गॅरंटी. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानजाई:
मुळापासून जाईल असं औषध निघालं असतं तर आम्ही इथे लिहीत बसलो नसतो, दादा. व्यनि नको.

सातवी_सीट:
बायकोसाठी लिहितोय, ती वाचते पण टाइप करायला बोटं दुखतात. आमच्याकडे खरी गडबड झोपेची निघाली. ती घोरायची, मी चेष्टा करायचो. नंतर श्वास मध्येच थांबून दचकून उठायला लागली. स्लीप स्टडी केली, स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे फायब्रोने झोप वाईट, वजनाने आणखी वाईट, झोप झाली नाही की गोड खायची ओढ आणि दुखणं दुप्पट, की परत वजन. झोपताना नाकावर लावायचं श्वासाचं मशीन आलं आणि पहिल्यांदा हे चक्र सैल झालं. तिने आहार फारसा बदललाच नव्हता तरी काटा खाली आला. ज्या घोरतात त्यांनी एकदा दाखवून घ्या.
ती म्हणतेय, "घोरण्याचं सगळ्यांना सांगायची काही गरज होती?"

चिंचगूळ:
वहिनींना सांगा, इथे सगळ्याच घोरतात.

मनीमाऊ_टोरांटो:
इथल्या कम्युनिटी सेंटरला गरम पाण्याचा थेरपी पूल आहे, ३३-३४ अंश असेल पाणी. त्यात पोहायचं नाही, नुसतं चालायचं, हात फिरवायचे. पाण्यात अंगाचं ओझंच वाटत नाही. जमिनीवर दहा मिनिटांत थकणारी मी तिथे अर्धा तास काढते. हिवाळ्यात मात्र उणे पंधरात गाडीपर्यंत जायचं म्हणजे सगळं मिळवलेलं जातं.
पुण्यात आले होते तेव्हा बहिणीबरोबर साध्या तलावावर गेले, जानेवारीत सकाळी सहाला. पाण्यात पाय घातला आणि किंचाळले.

कोकणकडा:
आमच्याकडे जूनपासून अख्खा तालुका पाण्यात असतो, पण वजन कुणाचंच कमी होत नाही.

अबोली_फिजिओ:
व्यवसायाने फिजिओ आहे, थोडं लिहिते. फायब्रोसाठीच्या २०१७ च्या युरोपीय शिफारशींमध्ये ठाम शिफारस फक्त व्यायामाची आहे, बाकी बऱ्याच उपायांना "काहींना उपयोग" एवढंच. पण तो व्यायाम म्हणजे जिममध्ये घाम काढणं नव्हे. काल जेवढं केलं त्याने आज दुखणं भडकलं का, हे बघून आजचं ठरवायचं. भडकलं तर कमी करायचं, बंद नाही करायचं. आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवलीत तरी भरपूर.

वजनाच्या बाबतीत एक सांगते. रोज काट्यावर उभ्या राहू नका. प्रीगाबालिनने पायावर सूज येऊ शकते, पाळीच्या आधी पाणी धरतं, ते सगळं काट्यावर दिसतं आणि तुम्ही उगाच जेवण टाकता. सूज वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि खूप कमी खाऊन वजन उतरवलंत तर स्नायूही जातात, मग जिना आणखी जड. डाळ, दही, अंडी, पनीर, जे चालतं ते प्रत्येक जेवणात हवं.

गोळी एकदम थांबवू नका. प्रीगाबालिन अचानक सोडलं की घाम, मळमळ, झोप उडणं असे त्रास होतात.

सांजवात:
अबोलीताई, वजन उतरवायच्या माउंजारो इंजेक्शनबद्दल काय मत? भावजय घेतेय, झपाट्याने उतरलंय तिचं. मला डॉक्टर म्हणाले आधी थायरॉइड परत तपासू.

अबोली_फिजिओ:
बरोबर म्हणाले. थायरॉइड कमी असेल तर अंग दुखतं, वजनही वाढतं, दोन्ही फायब्रोच्या खात्यात जातं. इंजेक्शनचं मी सांगू नये. मळमळ आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि फायब्रोवाल्यांचं पोट बहुतेक वेळा आधीच कुरकुरं असतं, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाल.

इंद्रायणीकाठ:
मी काही वजन उतरवलेलं नाही. सासूबाई बिछान्यावर आहेत, दोन मुलं आहेत, मला स्वतःसाठी वेगळं धिरडं करायला वेळ नाही. जे उरतं ते खाते. मुलांच्या ताटातलं टाकवत नाही. गेल्या महिन्यात नणंद आली होती, म्हणाली "वहिनी, तू जरा स्वतःकडे बघ." मी म्हटलं तू आईंकडे बघ चार दिवस, मी स्वतःकडे बघते. लगेच तिकीट निघालं तिचं.

ताकभात:
टाळ्या!!!

चिंचगूळ:
इंद्रायणीकाठ, मुलांच्या ताटात आधीच कमी वाढायचं, हवं तर परत घ्या म्हणायचं. मला एवढ्याचाच उपयोग झाला. बाकी तुझ्या घरात सल्ला द्यायची माझी टाप नाही.

दुपारचा_चहा:
नणंदेचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. आमच्याकडे शांतता पसरली आहे.

इंद्रायणीकाठ:
:) :)
एक विचारते, पोळ्या लाटताना खांदा आणि कंबर जाते. पंधरा पोळ्या रोज. तुम्ही कशा करता?

रानजाई:
बसून. ओट्याशी उंच स्टूल ठेव, पाय टेकायला खाली पाट. कणीक सैल मळ आणि अर्धा तास झाकून ठेव, जोर कमी लागतो. सात सकाळी, आठ संध्याकाळी. मी तर कधीकधी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणते आणि आपल्या डब्यात घालते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सांजवात:
स्टूलची उंची किती? आमचा ओटा ३३ इंच आहे.

रानजाई:
माझं २४ इंची. पण आधी बसून बघून मगच घे, ऑनलाइन नको. पाठ असलेलं मिळालं तर उत्तम.

खारीबिस्कीट:
आत्याला विचारलं. पाऊण किलो गूळ.

रानजाई:
बाप रे.