मदत हवी आहे : एबीएसचा दिवा विझत नाही, कोड लो व्होल्टेजचा

मंडळी, २०१९ची दीडशे सीसी मोटरसायकल, सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला). सेल्फ मारून चालू केली की एबीएसचा दिवा लागतो तो वेग घेतला तरी जात नाही. धक्का मारून चालू केली तर मात्र थोडं पुढे जाताच विझतो! गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर एबीएसच्या मॉड्यूलला (ते चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला) व्होल्टेज कमी मिळत असल्याचा कोड येतो. पुसला की पुन्हा हजर.

मीटरने मोजलं. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १४.१, म्हणजे चार्जिंग ठीक दिसतंय. पण सेल्फ मारताना आकडा ९च्या खाली जातो. शिवाय त्याच वेळी बॅटरीचा निगेटिव्ह आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांच्यात अर्धा व्होल्ट दिसतो. हा जास्तच ना? गाडी पावसाळाभर उघड्यावर असते, त्यामुळे अर्थिंगच्या (निगेटिव्हची वायर चासीला जोडणाऱ्या) बोल्टवर माझा संशय आहे. फ्यूज शाबूत आहेत.

गॅरेजवाले थेट मॉड्यूल बदला म्हणतात. किंमत ऐकूनच घाम फुटला. आधी बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करू की अर्थिंग सोडवून घासू? मॉड्यूलच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायचं तर पिना कशा ओळखायच्या? ब्रेक लागतात, पण एबीएसशिवाय ओल्या घाटात जायची हिंमत होत नाही.