१२८ केबीपीएसची भजनं काढून सीडीवरची टाकायची आहेत, पण क्रम मोडायला नको

तिवसेकर
मोझरी जवळच, त्यामुळे आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं रोज लागतात. नऊ वर्षं झाली, ते काम माझ्याकडं आहे. फाइली सगळ्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या. बहुतेक १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री, काही तर ६४ च्या; आकडा जेवढा लहान तेवढा आवाज जास्त कापलेला. खंजिरी सुरू झाली की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं नुसतं चर्र होते.

परवा काकाच्या कोठीत सरकीच्या पोत्यामागं ११ सीडी सापडल्या. एक लावून पाह्यली, तर खंजिरीची चकती न् चकती वेगळी वाजली! आता सगळंच बदलतो. पण पेन ड्राइव्हवर क्रम बसलेला आहे. तो हुकला तर म्हातारे मला गावात राहू देत नाहीत. दुकानवाला म्हणते, सीडी कायले, जुन्याच ३२० च्या करून देतो. खरं का?

वर्धेचा_दादा
नाही भाऊ. १२८ करताना जे कापलं ते परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

आधी सीडी कॉम्प्युटरात टाकून पाहा. एकेक केबीच्या सीडीए फाइली दिसल्या तर खरी ऑडिओ सीडी. एमपीथ्री दिसल्या तर तुमच्या कार्डातलाच माल, फक्त चकतीवर. सीडीवरून गाणी काढायचं ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात ‘टेस्ट अँड कॉपी’ लावा. प्रत्येक भजन दोनदा वाचलं जाते, दोन्ही वेळचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले की बिनघोर राहा. फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात आवाज न कापता फाइल लहान होते; तासाभराच्या सीडीचे सहाशेवर एमबी साधारण निम्म्यावर येतात. पेन ड्राइव्हसाठी ३२० चे एमपीथ्री त्या फ्लॅकवरूनच काढा.

क्रमाचं म्हणाल तर साधे प्लेअर बरेचदा नाव पाहतच नाहीत. जी फाइल आधी टाकली ती आधी वाजते. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा अन् एकेक फाइल टाका. गठ्ठ्यानं टाकली की घोळ झालाच म्हणून समजा.

भोंगा
कर्ण्यावर काय फरक पडते राजेहो? तो वरचा आवाज देतच नाही!

तिवसेकर
कर्णा पहाटेपुरता. संध्याकाळच्या प्रार्थनेला मंदिरात दोन बॉक्स असतात, तिथं पडते.

तिवसेकर
आठ दिवसांत नऊ सीडी निघाल्या. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. एका सीडीचं चौथं भजन काही केल्या जुळेना. मऊ फडक्यानं मधून कडेकडं सरळ पुसली, गोल नाही, तेव्हा जुळलं. उरलेल्या दोन एमपीथ्रीच्याच निघाल्या.

एकच भजन बदललं नाही. कार्डातलं ६ मिनिटं १० सेकंदांचं, सीडीवरचं ४ मिनिटं ५०. लांबी पाह्यली म्हणून समजलं, सीडीवर शेवटचं कडवंच नाही. म्हातारे ते कडवं टाळ्या वाजवत म्हणतात. चर्र करते तर करू दे.